अंगठ्याचं काम

दांडिया बाजारात, होमिओपॅथीच्या दुकानावर,
चौदा पायऱ्या चढून गेलं की माझा टायपिंग क्लास होता.
अकरा मशिनं. आठ गुजराती, दोन इंग्रजी,
आणि कोपऱ्यात मराठीचं एक,
ज्याच्या ‘ळ’ला सारखं तेल घालावं लागे.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगायचो:
आठ बोटं आठ घरांत. पाठ ताठ. नजर कागदावर.
आणि अंगठा?
अंगठा फक्त खालच्या लांब पट्टीवर.
शब्द बोटांचे;
अंगठ्याची, दोन शब्दांमधली मोकळी जागा.

एकेचाळीस वर्षं हेच सांगितलं.
पोरं परीक्षा देऊन कचेरीत लागली, रिफायनरीत लागली.
एक जण मस्कतला गेला, तिथूनही
‘सर, स्पीड पन्नास’ असं कार्ड टाकायचा.

सगुणा लोंढे यायची सगळ्यांच्या आधी.
दारावरची पाटी पुसायची, मशिनांच्या खोळी झटकायची,
फरशीवरचे बोळे गोळा करून विचारायची,
“सर, हे चुकलेले नेऊ का? बंबाला होतील.”
एक तारखेला पगाराच्या वहीत
मी तिचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबायचो,
मग कागदावर. जरा डावीकडे. जरा हलकं.
अकरा मशिनांच्या त्या खोलीत
लिहिता न येणारी ती एकटीच,
आणि मला ते कधी खटकलं नाही.

पुढे मशिनं किलोच्या भावाने गेली.
मराठीचं तेवढं उरलं.
भंगारवाला म्हणाला, याला कोण विचारतंय, काका.

परवा सगुणा आली. केस पांढरे, हातात फोन.
नवापुऱ्यातल्या नऊ बायका घेऊन
जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते म्हणे.
फोटो टाकते, मागणी येते:
नाशिक, बंगळूर, आणि एक कुठला तरी देश,
“नाव जिभेवर बसत नाही, पण थंडी मरणाची.”

आधी ती फोनला सांगायची, फोन लिहायचा.
ती म्हणाली ‘गोधडी’, त्याने लिहिलं ‘गोड घडी’,
आणि नाशिकच्या बाईंनी विचारलं,
गोड घडी किती दिवसांत येईल?
“हसले आधी. मग वाटलं, फोन चुकला
हे आपल्याला दिसायला तरी पाहिजे ना, सर?”

तर बाराखडी शिकली. फोनवरच, रात्री, भांडी झाल्यावर.
लातूरकडच्या कुणी बाई शिकवतात.
“मागे नेलं की परत सांगतात. कितीदाही.
चिडत नाहीत.”

मी चिडायचो.
ती तसं म्हणाली नाही.

मग तिने लिहून दाखवलं. दोन्ही अंगठ्यांनी.
सवयीने मी घड्याळ बघितलं:
मिनिटाला अकरा शब्द, चुका चार.
“आठ बोटं कुठायत?” माझ्या तोंडून गेलंच.
“ती सुईला लागतात, सर.”

मी एक गोधडी सांगितली. निळी, जमली तर.
पैसे द्यायला फोन काढला, त्याने अंगठा मागितला.
ठेवला. जुळेना.
पुन्हा. जुळेना.
एकेचाळीस वर्षं मोकळ्या जागा देऊन
गुळगुळीत झालाय बहुतेक.

सगुणाने माझा अंगठा हातात घेतला,
काचेवर टेकवला.
जरा डावीकडे. जरा हलकं.

मग यादीत नाव घ्यायचं म्हणून विचारलं, “पूर्ण सांगा.”
मी सांगितलं. ती ‘च्यु’पाशी अडली,
खोडलं, परत शोधलं, सापडला.
अच्युत दिगंबर खंडकर.

फोन लांब धरून बराच वेळ बघत राहिली.
“पाटीवर हेच होतं होय?
रोज पुसायचे मी.”